स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये पहिला बदल स्वतःच्या हातानं

गिटारचा आवाज मुद्दाम थोडा फाडणाऱ्या स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडलबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ड्राइव्ह वाढवला की जाड तारांचा भरीवपणा गायब होतो, मधला पट्टा नाकातून गायल्यासारखा पुढे येतो आणि वर बारीक करकर ऐकू येते. पेडल विकून टाकावं असं वाटू लागतं, तेवढ्यात कोणीतरी सांगतं, "आतली चिप बदल, मग बघ कसं वाजतं!" मी चिप बदलली होती. काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो दोन डायोड आणि एका कपॅसिटरमुळे. तोही ते तुकडे तिथे नेमकं काय करतात हे समजल्यावर.

त्यामुळे इथे पार्टची लांबलचक यादी नाही. सर्किटचा एक छोटा कोपरा शोधायचा, त्यातल्या चार-पाच तुकड्यांचं काम ओळखायचं आणि मग एकेक बदलून ऐकायचं, एवढंच करायचं आहे. सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नसेल तर आधी एखाद्या मोडक्या रेडिओच्या बोर्डवर दहा-वीस पार्ट काढून पुन्हा लावा. पेडलच्या बोर्डवर हात बसवायला जाऊ नका.

पेडल कोणत्या घराण्यातलं आहे?

बाजारातली बरीचशी स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडल एकाच घराण्यातली आहेत. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ हे १९७९ च्या सुमारास आलं, पाठोपाठ १९८२ मध्ये टीएस९ आलं. त्याआधी १९७७ मध्ये बॉसचं ओडी-१ आलं होतं आणि १९८१ मध्ये एसडी-१. या सगळ्यांत कल्पना एकच आहे: ऑप-अॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या फीडबॅकच्या (आउटपुटमधून इनपुटकडे परत येणाऱ्या) वाटेत उलटसुलट डायोड, म्हणजे एकाच दिशेनं प्रवाह जाऊ देणारे तुकडे, बसवायचे, म्हणजे सिग्नल ठरावीक उंचीच्या वर गेला की त्याची शिखरं दबतात. बॉसनं एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक डायोड ठेवला, ट्यूब स्क्रीमरनं दोन्हीकडे एकेक. पुढे दिलेले आकडे ट्यूब स्क्रीमरचे आहेत. तुमच्या पेडलमध्ये एखादा आकडा इकडेतिकडे असू शकतो, रचना मात्र ओळखू येईल.

स्क्रू काढून मागचं झाकण उघडा आणि बोर्डकडे नीट बघा. रेझिस्टर, कपॅसिटर पायांचे असतील आणि ते पाय भोकांतून पलीकडे गेलेले असतील तर हे पेडल नवशिक्यासाठी योग्य आहे. तांदळाच्या दाण्याहून लहान, बोर्डला चिकटलेले चौकोनी तुकडे दिसले तर ते सरफेस माउंट. तेही बदलता येतात, पण पहिल्या प्रयत्नाला नको. झाकण लावा आणि पायांचे पार्ट असलेलं दुसरं पेडल शोधा. यात माघार वगैरे काही नाही.

आणखी एक गोष्ट. ९ व्होल्टचं पेडल उघडणं सुरक्षित आहे, गिटार अॅम्प्लिफायर उघडणं नाही. व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. पेडल जमलं म्हणून त्याच उत्साहात अॅम्पच्या आत हात घालू नका.

हत्यारं

तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न घ्या. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यासाठी टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवलं की काम पटकन होतं. शिसं नसलेलं सोल्डर त्याहून उशिरा वितळतं, म्हणून थोडं वाढवावं लागतं. सोल्डर ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरचं आणि आत रोझिन फ्लक्स असलेलं. नळांच्या कामाचं अॅसिड फ्लक्स चुकूनही वापरू नका, ते तांब्याच्या वाटा खाऊन टाकतं. सोल्डर ओढून घेणारा पंप, तांब्याची विणलेली डीसोल्डरिंग पट्टी, छोटं कटर, नाकाडी पक्कड आणि डायोड टेस्ट असलेला मल्टिमीटर एवढं पुरतं. खिडकी उघडी ठेवा, धुरावर वाकून बसू नका आणि शिसं हाताळल्यावर काहीही खाण्याआधी हात धुवा.

पार्टमध्ये हे आणून ठेवा: १एन४१४८ डायोड चार-पाच, ३ मिलिमीटरचे लाल एलईडी दोन-चार, ६८, १०० आणि २२० नॅनोफॅरडचे फिल्म कपॅसिटर, १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक, आणि २.२ के, ३.३ के, १० के (के म्हणजे हजार ओहम) हे पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर. याशिवाय एक वस्तू अशी आहे जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: गोल भोकांची सॉकेट पट्टी. ती हवी तेवढी तोडून बोर्डवर सोल्डर करता येते आणि मग पार्ट नुसते खोचून बदलता येतात. बोर्डवर एकच जागा दहा वेळा तापवण्यापेक्षा एकदा सॉकेट बसवणं केव्हाही चांगलं.

काही काढण्याआधी

आयर्न तापवण्याआधी तीन कामं करा. पहिलं, बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पॉटला (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरला) आणि जॅकला जाणाऱ्या वायरींचे रंग दिसतील असे. दुसरं, पेडलचा मूळ आवाज रेकॉर्ड करून ठेवा. एकच वाक्य, एकाच गिटारवर, तिन्ही नॉब मध्यावर. तिसरं, व्होल्टेज मोजून कागदावर लिहा.

मोजण्यासाठी आठ पायांची चिप शोधा. तिच्यावर बहुधा ४५५८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. चिपच्या एका टोकाला खाच किंवा एका पायाशी ठिपका असतो. खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय १, तिथून खाली २, ३, ४, आणि उजवीकडे खालून वर ५, ६, ७, ८. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडवर, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या धातूवर धरा. पाय ८ वर बॅटरीचं व्होल्टेज, म्हणजे ९ च्या आसपास दिसायला हवं, पाय ४ वर शून्य, आणि बाकी सगळ्यांवर साधारण निम्मं, म्हणजे ४.५ च्या जवळपास. एकच पुरवठा असलेल्या सर्किटमध्ये सिग्नलला वर आणि खाली दोन्हीकडे हलायला जागा हवी म्हणून सगळं मध्यावर बांधलेलं असतं. उद्या पेडल मुकं झालं तर हाच कागद तुमची पहिली वाट असेल.

इथे माझी एक फजिती. पहिल्यांदा मोजताना सगळीकडे शून्य आलं. पाऊण तास मी चिप जळाली या समजुतीत बसलो होतो. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलमध्ये इनपुटचा जॅक हाच चालू-बंदचा खटका असतो. इनपुटमध्ये केबल खोचली की बॅटरीचं ग्राउंड जोडलं जातं, आणि मी केबल खोचलीच नव्हती. अॅडॅप्टरनं मोजत असाल तर आणखी एक बघा: बहुतेक पेडलना मधली पिन ऋण असलेला ९ व्होल्टचा अॅडॅप्टर लागतो. पेडलवरची खूण वाचल्याशिवाय जोडू नका.

तो कोपरा

आता मुद्द्याचं. बॅटरी काढा, मीटर सलगतेच्या म्हणजे बीपच्या खुणेवर आणा. चिपमध्ये दोन ऑप-अॅम्प असतात. एकाचे पाय १, २, ३ आणि दुसऱ्याचे ५, ६, ७. काचेचे छोटे नारिंगी डायोड शोधा, आणि त्यांची टोकं पाय १ आणि २ ला जोडलेली आहेत की ६ आणि ७ ला, ते बीपनं बघा. ज्या जोडीला डायोड लागले तो अर्धा भाग ड्राइव्हचा. डायोड चिपच्या पायांना न लागता थेट ग्राउंडला जात असतील तर तुमचं पेडल वेगळ्या घराण्यातलं आहे आणि पुढचे आकडे त्याला लागू पडणार नाहीत.

डायोड पाय १ आणि २ मध्ये आहेत असं धरू. पाय २ पासून एक रेझिस्टर निघतो, ४.७ के. त्याचे पट्टे पिवळा, जांभळा, लाल. पाच पट्ट्यांचा असेल तर पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी आणि शेवटचा वेगळा. त्याच्या पुढे एक कपॅसिटर, आणि कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला. कपॅसिटरवर ४७३ लिहिलेलं असेल, म्हणजे ४७ आणि पुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड: ४७ नॅनोफॅरड. पाय १ आणि २ च्या मध्ये डायोडशिवाय आणखी दोन गोष्टी असतात, ५१ पिकोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर, आणि ५१ के रेझिस्टरसह ड्राइव्हचा ५०० के पॉट.

सगळा खेळ इथे चालतो. ड्राइव्हचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा, असा निघतो: वरच्या वाटेचा (५१ के आणि पॉट मिळून) रोध भागिले खालचा ४.७ के, अधिक एक. नॉब पूर्ण बंद असताना ५१ भागिले ४.७ अधिक एक, म्हणजे साधारण १२ पट. पूर्ण उघडल्यावर ५५१ भागिले ४.७ अधिक एक, म्हणजे ११८ पट. पण हा गेन सगळ्या सुरांना सारखा मिळत नाही. ४.७ के आणि ४७ नॅनोफॅरड मिळून ७२० हर्ट्झची सीमा तयार होते. त्याखाली जसजसं जावं तसतसा गेन घटतो. जाड ई तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. नॉब पूर्ण उघडा असतानाही त्याला जेमतेम १३ पट गेन मिळतो, तर २ किलोहर्ट्झला शंभराच्या घरात. भरीवपणा कुठे गेला, त्याचं उत्तर हे. तो कोणी कापलेला नाही, बाकीच्यांना वाढून दिलं आणि त्याच्या ताटात कमी पडलं, इतकंच.

ही चूक नव्हे हेही सांगायला हवं. बँडमध्ये बेस गिटार आणि ड्रमच्या गर्दीत हेच मध्य पुढे आलेलं पेडल उठून दिसतं, आणि आधीच गढूळ झालेल्या अॅम्पपुढे ठेवलं तर आवाज आवळून धरतं. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांनी ट्यूब स्क्रीमर वापरला तो असाच मोठ्या आवाजात वाजणाऱ्या अॅम्पपुढे. घरी एकट्यानं, छोट्या अॅम्पवर वाजवताना मात्र त्याचा त्रास होतो. तुम्ही कुठे वाजवता ते आधी ठरवा, मग आयर्न हातात घ्या.

पार्ट काढणं

नवशिक्याच्या हातून बोर्ड मरतो तो इथेच. जुना जॉइंट कोरडा आणि मंद झालेला असतो, नुसतं आयर्न टेकवून तो वितळत नाही. मग माणूस आयर्न दाबून धरतो, बोर्डचा गोंद सैल होतो आणि तांब्याची चकती उचलून येते. उपाय उलटा वाटतो, पण तोच लागू पडतो: काढायच्या जॉइंटवर आधी थोडं ताजं सोल्डर घाला. ताज्या सोल्डरमधला फ्लक्स जुन्याला वाहतं करतो. दोन-तीन सेकंदांत सगळं चकचकीत थेंबासारखं दिसलं की पंपाचा खटका दाबा. नाही निघालं तर थांबा, जागा गार होऊ द्या, पुन्हा सोल्डर घालून पुन्हा प्रयत्न करा. एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त तापवू नका.

दोन्ही बाजूंनी तांबं असलेल्या बोर्डवर भोकाच्या आतूनही धातूचा अस्तर असतो. तिथे पार्ट वाचवायचा मोह सोडा. कटरनं डायोडचे पाय मध्येच कापा आणि उरलेला एकेक पाय तापवून पकडीनं हलकेच ओढा. डायोड मेला तरी चालेल, बोर्ड जगला पाहिजे. चकती उचललीच तर घाबरून जाऊ नका. ती वाट पुढे कुठे जाते ते फोटोत बघा आणि पार्टचा पाय बारीक वायरीनं थेट तिथे जोडा. दिसायला ओबडधोबड होईल, वाजायला काही फरक पडणार नाही.

डायोडच्या जागी सॉकेट

पहिला बदल डायोडचा, कारण तो सर्वांत ढळढळीत ऐकू येतो. दोन्ही डायोड काढा, चारही भोकांत सॉकेटचे तुकडे सोल्डर करा. डायोडवरचा काळा पट्टा म्हणजे कॅथोड (ऋण टोक), एलईडीचा आखूड पाय म्हणजे कॅथोड. दोन्ही डायोड एकमेकांच्या उलट दिशेनं असायला हवेत. मी एकदा दोन्ही एलईडी एकाच दिशेनं खोचले होते. पेडल बंद पडलं नाही, उलट जोरात वाजू लागलं, पण कडेला खरखरीत. लाटेची एक बाजू डायोड दाबत होते आणि दुसरी थेट चिपच्या छताला आपटत होती. दुर्दैवानं मला तो आवाज आवडला होता. खरं कारण दोन दिवसांनी कळलं.

डायोड बदलताना बघायचा आकडा एकच: तो किती व्होल्टला वाहू लागतो. मीटरच्या डायोड टेस्टवर १एन४१४८ साधारण ०.६ दाखवतो, जर्मेनियमचा डायोड ०.२ ते ०.३५, लाल एलईडी १.६ ते १.८. आकडा जितका लहान तितकी शिखरं लवकर दबतात, आवाज घट्ट आणि बसका होतो, व्हॉल्यूमही उतरतो. जितका मोठा तितका आवाज उघडा, बोटांच्या जोराला उत्तर देणारा, आणि सणसणीत मोठा.

आधी दोन्हीकडे एलईडी लावून ऐका. मग एका दिशेला एलईडी आणि दुसऱ्या दिशेला मूळ डायोड. लाटेच्या दोन बाजू वेगवेगळ्या उंचीवर दबल्या की आवाजात सम हार्मोनिक (मूळ सुराच्या सम पटीतले सूर) मिसळतात आणि आवाज थोडा गोलसर होतो. मग एका दिशेला दोन १एन४१४८ एकापुढे एक आणि दुसऱ्या दिशेला एकच, म्हणजे बॉसची रचना. मला स्वतःला एलईडी आणि साधा डायोड ही विषम जोडी सर्वांत आवडते. एलईडीचा लखलखाट होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. या वाटेनं प्रवाह अगदी नगण्य जातो, ते अंधारात मिणमिणले तरी खूप.

जर्मेनियमच्या डायोडभोवती फार मोठं वलय आहे. या जागेवर ते गळके असल्यानं गेन खातात, पेडल मवाळ आणि हळू होतं. कोणाला तेच हवं असतं. फक्त ते उष्णतेला नाजूक असतात, म्हणून सॉकेट नसेल तर सोल्डर करताना पाय पकडीनं धरून ठेवा, म्हणजे उष्णता पकडीत जाईल.

ऐकताना एक सापळा आहे. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. एलईडी लावल्यावर पेडल जवळजवळ दुप्पट वाजतं, त्यामुळे पेडल सुधारल्यासारखंच वाटणार. प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूमचा नॉब मागे घेऊन दोन्ही आवाज सारख्या उंचीवर आणा, पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा, मग मत बनवा.

बेस परत आणणं

आता ४७ नॅनोफॅरडचा तो कपॅसिटर. तो काढून त्याच्याही जागी सॉकेट बसवा. ६८ नॅनोफॅरड लावला की सीमा ७२० वरून ५०० हर्ट्झच्या जवळ येते, १०० नॅनोफॅरडला ३४० वर, आणि २२० ला १५४ वर. १०० लावल्यावर जाड ई तारेचा गेन १३ वरून २७-२८ पट होतो. बहुतेकांचं समाधान इथे होतं. २२० लावून एकदा ऐका जरूर, पण मोठा पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र) वाजवून ऐका. खालचे सूर आधी दबू लागतात आणि त्यांच्याबरोबर वरचेही थरथरतात, सगळं चिखलासारखं एकमेकांत मिसळतं. तुमच्या गिटारचे पिकअप हमबकर, म्हणजे दोन कॉइलचे, असतील तर ६८ वर थांबायला हरकत नाही. सिंगल कॉइल असतील तर १०० बेधडक लावा.

गेनही वाढवायचा असेल तर हात ४.७ के रेझिस्टरकडे जातो. इथे एक गोम आहे, आणि तीच अनेकांच्या लक्षात येत नाही. रेझिस्टर कमी केला की गेन वाढतो खरा, पण सीमाही वर सरकते. ४.७ च्या जागी ३.३ के लावला तर गेन १६८ पटीपर्यंत जातो, पण सीमा ७२० वरून १०२६ हर्ट्झवर. म्हणजे ड्राइव्ह वाढला आणि आवाज आणखी नाकात गेला. त्यामुळे रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडीनं बदलायचे. २.२ के आणि १०० नॅनोफॅरड लावले तर सीमा जवळपास जुन्या ठिकाणीच राहते आणि गेन दुपटीहून जास्त होतो. ३.३ के आणि १०० ही माझ्या मते सगळ्यात कामाची जोडी: सीमा ४८० च्या आसपास, गेन पुरेसा, आणि घरघरही आटोक्यात.

याच्या उलट काहींना पेडल फक्त स्वच्छ बूस्ट म्हणून, म्हणजे न फाडता आवाज वाढवायला, हवं असतं, पण नॉब शून्यावर असतानाही ते किंचित फाटतं. त्यांनी ड्राइव्हच्या पॉटबरोबरचा ५१ के काढून १० के लावावा. कमीत कमी गेन १२ वरून ३ च्या आसपास येतो.

करकर कमी करायला ५१ पिकोफॅरडच्या जागी १०० पिकोफॅरड लावा. पूर्ण ड्राइव्हवर वरची सीमा ५.७ किलोहर्ट्झवरून २.९ वर येते. ड्राइव्ह कमी असताना याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून हा बदल निर्धास्त करता येतो. सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित बदल हाच.

टोनच्या भागात १ के आणि ०.२२ मायक्रोफॅरड मिळून पुन्हा ७२० च्या जवळची सीमा करतात, यावेळी वरच्या सुरांना अडवणारी. पेडल नेहमीच दबलेलं वाटत असेल तर तो कपॅसिटर ०.१५ किंवा ०.१ चा करा. तो टँटलम किंवा इलेक्ट्रोलिटिक असेल तर काढण्याआधी दिशा टिपून ठेवा. इलेक्ट्रोलिटिकवर ऋण बाजूला पट्टा असतो, टँटलमवर मात्र खूण धन बाजूला असते. यात भलेभले चुकतात.

जे मी करणार नाही

चिपबद्दल बोललो. जेआरसी ४५५८ च्या जागी टीएल०७२ किंवा एनई५५३२ लावता येते, पाय तेच आहेत. आठ पायांचं सॉकेट बसवून स्वतः ऐका, कोणी सांगितलं म्हणून मानू नका. खुरखूर थोडी कमी-जास्त होईल. डायोड जेव्हा लाट दाबत असतात तेव्हा चिपचा स्वभाव त्यांच्या मागे झाकला जातो. शिवाय आठ पाय काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत जोखमीचं काम आहे, आणि त्यातून हाती येणारं सर्वांत कमी.

दुसरा लोकप्रिय सल्ला इनपुटचा कपॅसिटर मोठा करण्याचा, "बेस वाढतो" म्हणून. मूळ सर्किटमध्ये तो २० नॅनोफॅरडचा आणि त्याच्यापुढे ५१० के. त्याची सीमा १६-२० हर्ट्झच्या आसपास येते. गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झचा, म्हणजे सगळा बेस तिथून आधीच आत येतो आहे. दार सताड उघडं असताना भिंत पाडण्यात अर्थ नाही.

ट्रू बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सर्किट टाळून थेट पुढे नेणं, हेही पहिल्या खेपेला नको. नऊ पायांचा खटका, नवी वायरिंग, ड्रिलिंग, आणि बदल्यात जातो तो बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारा भाग, जो लांब केबलवर तुमचे वरचे सूर टिकवून धरत होता. पेडल १८ व्होल्टवर चालवायचा मोह झाला तर आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेलं व्होल्टेज वाचा. १६ लिहिलेलं असेल तर विषय संपला.

आवाजच येत नसेल तर

आधी भिंगातून शेवटी सोल्डर केलेल्या जागा बघा. दोन शेजारच्या जॉइंटना जोडणारा सोल्डरचा पूल, किंवा राखाडी, खडबडीत दिसणारा जॉइंट, दहातल्या आठ वेळा यातलंच काहीतरी निघतं. मग कागद काढा आणि व्होल्टेज पुन्हा मोजा. पाय १ वर ४.५ च्या ऐवजी ९ च्या किंवा शून्याच्या जवळ काही आलं तर फीडबॅकची वाट तुटली आहे किंवा पाय २ कुठेतरी ग्राउंडला लागला आहे. चिप काढून पुन्हा लावली असेल आणि ती बोट टेकवत नाही इतकी तापत असेल तर ती उलटी बसली आहे. ताबडतोब बॅटरी काढा.

व्होल्टेज बरोबर आहेत तरी शांतता असेल तर ऑडिओ प्रोब बनवा. एका जुन्या केबलचा प्लग अॅम्पमध्ये, दुसऱ्या टोकाची जाळी पेडलच्या ग्राउंडला, आणि मधल्या तारेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करून त्याचा मोकळा पाय सुईसारखा वापरायचा. अॅम्प अगदी हळू ठेवा. पेडलच्या इनपुटला गिटारचं रेकॉर्डिंग फोनवरून सोडा आणि सुई सर्किटच्या वाटेनं पुढे सरकवत न्या: इनपुटचा जॅक, इनपुट ट्रान्झिस्टरचा एमिटर (ज्या पायातून सिग्नल बाहेर पडतो तो), चिपचा पाय ३, मग पाय १, टोनचा पॉट, व्हॉल्यूमचा पॉट. पाय ३ वर आवाज आहे आणि पाय १ वर नाही, तर दोष त्या दोघांच्या मध्येच आहे. पहिल्यांदा असा दोष सापडला तेव्हा मला पेडल नीट झाल्यापेक्षा त्या सुईचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

झाकण लावताना

सगळं आवडलं की सॉकेटमधले पार्ट कायमचे सोल्डर करा. स्टेजवर हादऱ्यांनी खोचलेले एलईडी बाहेर येतात. जादा पाय बुडाशी कापा. जुने पार्ट एका पुडीत घालून त्यावर पेडलचं नाव लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: कोणता पार्ट, आधी किती, आता किती, तारीख. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

उघडं असताना छान वाजलेलं पेडल झाकण लावल्यावर गप्प झालं, तर चिपवर संशय घेऊ नका. नवा फिल्म कपॅसिटर जुन्यापेक्षा उंच असतो, आणि त्याचा किंवा एलईडीचा पाय धातूच्या झाकणाला टेकलेला असतो. पार्ट हलकेच आडवा वाकवा, झाकणाच्या आत जाड प्लास्टिकचा एक तुकडा कापून बसवा आणि चारही स्क्रू थोडे थोडे आवळत पुन्हा एकदा वाजवून बघा.